आधी पिवळं जॅकेट, मग विमान

प्रश्न मनीषनगरच्या एका मुलीचा आहे. पीपीएल, म्हणजे खाजगी वैमानिकाचा परवाना, हातात आलाय, साठेक तास उड्डाण झालंय आणि सप्टेंबरपासून ती इंग्लंडात शिकायला चालली आहे. तिनं विचारलं ते थोडक्यात असं: "काका, तिकडे छोट्या विमानांच्या रॅली भरतात, तुम्ही बरीच वर्षं जात होता. पहिल्याच वर्षी क्लबचं विमान भाड्यानं घेऊन तिथं उतरू का, की आधी स्वयंसेवक म्हणून जाऊ? आणि आपल्या नागपुरात असं काही काहून होत नाही?"

बेटा, विमान घेऊन नक्की जा, पण दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी स्वयंसेवकाचं पिवळं जॅकेट घालून दोन दिवस गवतात उभी राहा. मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

घरी कुणी विचारलं तर काय सांगशील, ते आधी बघू. रॅली म्हटलं की आपल्याकडे कस्तुरचंद पार्क, झेंडे, लाउडस्पीकर आणि ट्रकमधून आणलेली माणसं आठवतात. ही रॅली तशी नव्हे. ही पोळ्यासारखी असते. पोळ्याला जशा बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येक धनी आपल्याच बैलाची झूल पुन्हा पुन्हा सारखी करत असतो, तशी इथं विमानं रांगेत असतात आणि मालक फडकं घेऊन पंख पुसत असतात. त्यातली कितीतरी विमानं त्या मालकानं स्वतः, घरच्या गॅरेजमध्ये, सात-आठ वर्षं खपून बनवलेली असतात. तू नुसतं "वा" म्हटलंस तरी तो तुला एकेका रिव्हेटची गोष्ट सांगतो. शर्यत नाही, बक्षिसांचं फारसं कौतुक नाही. यायचं, विमान लावायचं, दुसऱ्यांची विमानं बघायची, रात्री पंखाखाली तंबू ठोकून झोपायचं आणि रविवारी परत जायचं.

इंग्लंडात ही परंपरा जुनी आहे. 1946 मध्ये तिथं अल्ट्रा लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची संघटना निघाली, पुढे तिची पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन झाली, आणि 2008 पासून ती लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन म्हणून ओळखली जाते. घरी बांधलेल्या आणि जुन्या विमानांची तपासणी व कागदपत्रं हीच संघटना बघते. मी होतो तेव्हा तिची रॅली बेडफर्डशरमधल्या क्रॅनफिल्डला भरायची, मग ती केंबलला गेली आणि नंतर नॉर्थॅम्प्टनजवळच्या सायवेलला. सायवेल तुला फार आवडेल. 1928 चं एअरफील्ड आहे, अजून गवताच्या धावपट्ट्या आहेत आणि त्या काळच्या धाटणीची हॉटेलची पांढरी इमारत आहे. तिथं चहा पीत बसलं की समोर टायगर मॉथ हे जुनं दुपंखी विमान उतरताना दिसतं.

आता माझी फजिती ऐक. नव्वदचं दशक, जुलै महिना, क्रॅनफिल्ड. मी आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उडायला शिकलेला. नोकरीनिमित्त तिकडे गेलो, तिकडचा परवाना काढला आणि भाड्याच्या सेसना 152 या दोन सीटच्या विमानातून एकटाच निघालो. निघण्याआधी रॅलीचं सूचनापत्रक आलं होतं. आठ-दहा पानं होती. मी ते वाचलं होतं, पण आपण विजेच्या बिलामागच्या सूचना वाचतो तसं.

पहिली चूक उंचीची. आपल्याकडे सगळं क्यूएनएचवर चालतं, म्हणजे उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. सोनेगावची जमीनच समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, म्हणून इथं सर्किट, म्हणजे उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी, उडवताना काटा दोन हजारांवर असतो. तिकडे त्या काळी सर्किटसाठी क्यूएफई वापरायचे, म्हणजे विमान जमिनीवर असताना काटा शून्यावर. पत्रकात लिहिलं होतं, सर्किट 1,000 फूट. मी सवयीनं क्यूएनएच लावलेलं आणि आकडा पत्रकातला धरलेला. क्रॅनफिल्डची जमीन साडेतीनशे फुटांवर. म्हणजे काटा हजार दाखवत होता आणि मी जमिनीपासून जेमतेम साडेसहाशेवर फिरत होतो. बाकी सगळे माझ्या डोक्यावरून. मला वाटलं, हे लोक बरेच उंच उडतात बापा!

दुसरी चूक त्याहून नागपुरी. सोनेगावची धावपट्टी 3,200 मीटर. तिथं 152 उतरवायला शिकलेल्या माणसाला जागेची किंमत कळत नाही. टॅक्सीवेपर्यंत, म्हणजे धावपट्टीबाहेर पडायच्या रस्त्यापर्यंत, विमान कोण चालवत नेणार म्हणून आम्ही मुद्दाम अर्ध्यावर टेकवायचो. क्रॅनफिल्डलाही मी तसाच तरंगत तरंगत गेलो, मऊ टेकवलं, स्वतःवर खूश झालो. मग बाहेर पडायच्या जागेशी येऊन थांबलो आणि मांडीवरचा नकाशा उलगडून आता कुठं जायचं ते शोधू लागलो. शेपूट अजून धावपट्टीवर. मागून येणाऱ्या दोघांना माझ्यामुळे न उतरता पुन्हा वर जावं लागलं. समोर पिवळ्या जॅकेटातला एक माणूस दोन्ही हात डोक्यावरून इतक्या जोरात हलवत होता की मला वाटलं, स्वागत करतोय.

संध्याकाळी तोच माणूस माझ्या विमानापाशी आला. वय साठीच्या पुढे, निवृत्त रेल्वे गार्ड. मला वाटलं, आता काढणार आपली. त्यानं थर्मासमधून चहा ओतून दिला आणि विचारलं, "उद्या सकाळी सहा ते दहा मोकळा आहेस का? माझ्याकडे एक माणूस कमी आहे." बस, एवढंच. माझी स्वयंसेवकी तिथून सुरू झाली आणि पुढची आठ-नऊ वर्षं चालली.

त्या चार तासांनी मला जे शिकवलं ते साठ तासांच्या ट्रेनिंगनं शिकवलं नव्हतं. वैमानिक स्वतःच्या विमानात बसून फक्त स्वतःचं लँडिंग बघतो. जमिनीवरचा माणूस एका सकाळी शंभर बघतो. कोण पत्रक वाचून आलाय आणि कोण नाही, हे विमान फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, असतानाच कळायला लागतं. वाचून आलेला ठरलेल्या वेगानं येतो, ठरलेल्या जागी टेकतो, न थांबता गवतात वळतो आणि मग त्याची नजर तुला शोधते. न वाचलेला थांबतो. एक थांबला की मागचे चार अडकतात, त्यांच्या इंजिनांचं तापमान वाढतं, हवेतल्यांना फेऱ्या माराव्या लागतात. रामनवमीच्या शोभायात्रेत एक चित्ररथ बंद पडला की मागं काय होतं ते तू बघितलंयस. तेच, फक्त इथं मागच्यांना थांबता येत नाही, त्यांना उडत राहावं लागतं.

आता हाताचं काम. विमान लावणाऱ्याला मार्शलर म्हणतात, हातात टेबल टेनिसच्या बॅटसारख्या दोन रंगीत बॅटा असतात. दोन्ही हात सरळ वर म्हणजे "माझ्याकडे ये, जागा इथं आहे". वैमानिकाला त्याच्या डावीकडे वळवायचं तर तुझा उजवा हात आडवा ताठ आणि डाव्या हातानं बोलावणं. जितकं जोरात बोलावशील तितकं जोरात वळायचं. डोक्यावर बॅटांची फुली म्हणजे थांब. गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. तू वैमानिकाकडे तोंड करून उभी असतेस, म्हणून डावं-उजवं पहिल्या तासात हमखास चुकतं. माझं तर इतकं चुकलं की एक बिचारा जोडेल नावाचं छोटं विमान घेऊन पूर्ण गोल फिरला आणि हसत हसत पुन्हा माझ्यासमोर आला.

पण डावं-उजवं चुकलं तर फक्त हसू होतं. माझ्या हातून दुसरी एक चूक होणार होती, ती वेगळी. एक ऑस्टर येत होतं. ऑस्टर टेलड्रॅगर, म्हणजे तिसरं चाक शेपटीला. जमिनीवर त्याचं नाक आभाळाकडे असतं आणि वैमानिकाला सरळ समोरचं काहीच दिसत नाही, म्हणून तो नागमोडी चालवत येतो, एकदा या खिडकीतून बघायचं, एकदा त्या. मी शिकलो तिसरं चाक नाकाखाली असलेल्या सेसनावर. पुष्पकवर शिकलेली आमच्या आधीची नागपूरची माणसं हसली असती मला. पुष्पक म्हणजे एचएएलचं कापडी पंखांचं, नव्वद हॉर्सपॉवरचं विमान, 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आपल्या देशातल्या फ्लाइंग क्लबांच्या एका पिढीला त्यानंच उडायला शिकवलं. तेही टेलड्रॅगरच. मला मात्र हे फक्त ऐकून माहीत. मी ऑस्टरच्या बरोब्बर नाकासमोर हात वर करून उभा, आणि ते येतंय, येतंय, थांबत नाही. पंख्याचा गोल माझ्यापासून पंधरा पावलांवर असताना गार्डबुवांनी मागून जॅकेटची कॉलर धरून मला बाजूला ओढलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मला तो दिसत होता, म्हणून त्याला मी दिसत होतो असं कुणी सांगितलं? टेलड्रॅगर आलं की बाजूला, वैमानिकाच्या खिडकीच्या रेषेत उभं राहायचं, आणि त्याचा चेहरा दिसेपर्यंत हात वर करायचाच नाही. पुढच्या वर्षी मी एका जोडेलमध्ये बसून उतरलो तेव्हा मार्शलर का असा कोपऱ्यात उभा राहतो ते मला सांगावं लागलं नाही.

लाँग-ईझी नावाचं एक विमान तुला तिथं दिसेल, बर्ट रुटाननं डिझाइन केलेलं. त्याचा पंखा मागे आणि छोटे पंख पुढे. वैमानिक उतरला की पुढचं वजन जातं आणि विमान मागं कलंडेल, म्हणून तो नाकाचं चाक आत घेऊन त्याला नाकावर टेकवून ठेवतो. उंट गुडघ्यावर बसावा तसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी धावलो होतो, अपघात झाला समजून. गंमत सोडली तर लक्षात ठेवायची गोष्ट ही की पंखा मागे असतो. आपले पाय सवयीनं विमानाच्या मागून जायला बघतात, कारण पुढं पंखा असतो हे डोक्यात बसलेलं असतं. इथं ती सवय जिवावर बेतेल.

आणि थांबलेल्या पंख्यालाही हात लावायचा नाही. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची तार कुठं सुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही गरम इंजिन अर्ध्या फेऱ्यात पेटतं. चाकाखाली लाकडी गुटके लावायला जायचं ते पंखा पूर्ण थांबल्यावर, वैमानिकाशी नजरानजर झाल्यावर आणि पंखाच्या टोकाकडून. घाई केल्याचं शाबासकीपत्र कुणी देत नाही.

पाऊस. क्रॅनफिल्डला एका वर्षी शुक्रवारी रात्री वारा सुटला. आम्ही पंधरा-वीस जण टॉर्च घेऊन रांगांमधून फिरत होतो. ज्यांनी स्वतःच्या दोऱ्या आणि जमिनीत पिळून घुसवायच्या खुंट्या आणल्या होत्या त्यांची विमानं जागेवर होती. काहींनी तंबूच्या बारीक खिळ्यांना विमान बांधलं होतं! पंख जमिनीवर उभा असला तरी वाऱ्याला तो पंखच असतो, तो उचलणारच. एका छोट्या विमानाचा एक पंख हातभर वर-खाली होत होता आणि मालक आत झोपायच्या पिशवीत गाढ. आम्ही तिघांनी पंखाचा आधाराचा दांडा धरून ठेवला आणि चौथ्यानं त्याला उठवलं. सकाळी त्यानं आम्हाला सॉसेज खायला बोलावलं. मी शाकाहारी निघालो म्हणून त्याला इतकं वाईट वाटलं की मलाच माझ्याकडचा चिवडा त्याला द्यावा लागला. हल्दीरामचा नव्हे, आईच्या हातचा. अमेरिकेत 2010 साली ऑशकॉशच्या विमानमेळ्याआधी इतका पाऊस झाला की गवताची मैदानं चिखल झाली, आणि येणाऱ्या विमानांना आजूबाजूच्या विमानतळांवर पाठवावं लागलं. लोक त्या वर्षाला अजून "स्लॉशकॉश" म्हणतात.

ऑशकॉशचं निघालंच आहे तर तेही सांगतो. 2006 ला मी तिथं गेलो, मित्राच्या सेसना 172 मध्ये उजव्या सीटवर. 1953 मध्ये मोजक्या विमानांनिशी मिलवॉकीला सुरू झालेला हा मेळा 1970 पासून विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. आता त्या आठवड्यात तिथं आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांच्या घरात विमानं येतात, स्वयंसेवकच पाच हजारांवर असतात. एवढी विमानं रेडिओवर बोलत बसली तर सगळंच ठप्प होईल, म्हणून तिथली युक्ती अशी की वैमानिकानं बोलायचंच नाही. रिपन गावापासून रेल्वेचे रूळ धरायचे, 1,800 फूट उंची, 90 नॉट वेग, पुढच्याच्या मागं अर्धा मैल, आणि एकामागे एक फिस्क नावाच्या खेड्यापर्यंत यायचं. ज्यांना इतकं हळू उडता येत नाही त्यांच्यासाठी वर वेगळा थर असतो. फिस्कला नियंत्रक दुर्बीण घेऊन जमिनीवर बसलेले. ते तुला नावानं नाही, रंगानं हाक मारतात. "पांढरी-निळी सेसना, पंख हलवा." मित्रानं पंख हलवले. "छान हलवले. धावपट्टी अमुक, टॉवरची फ्रिक्वेन्सी लावा." आमच्याकडून एक अक्षर नाही. पुढे टॉवरनं सांगितलं, हिरव्या ठिपक्यावर टेका. धावपट्टीवर खरंच मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात, कारण एकाच वेळी एक जण एका ठिपक्यावर आणि दुसरा दुसऱ्यावर उतरत असतो. तिथं तरंगत जाण्याची सोय नाही. पुढच्या ठिपक्यावर कुणीतरी आहे. मित्राचा हात थ्रॉटलवर होता आणि माझे दोन्ही हात माझ्याच गुडघ्यांवर, घट्ट.

टेकल्याबरोबर डावीकडे गवतात वळायचं, आणि काचेला आतून एक कागद दाखवायचा, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की आम्हाला तंबूसह जागा हवी. तो कागद बघून स्वयंसेवक हात करत गेले, एकाकडून दुसऱ्याकडे, आणि आम्ही एक शब्द न बोलता आमच्या जागी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि समता सैनिक दलाची पोरं नुसत्या हातानं रांग वळवतात, ती शिस्त बघितलेली असेल तर तुला हे परकं वाटणार नाही. माझा मित्र तिसऱ्यांदा येत होता आणि आधीची दोन्ही वर्षं त्यानं तिथं गाड्या आणि विमानं लावली होती. आम्ही उतरलो ते त्याला सगळं पाठ होतं म्हणून. मी एकटा असतो तर फिस्कवरूनच परत फिरलो असतो, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या कामाचं. भारतीय परवान्यावर तिकडे लगेच विमान हातात मिळत नाही, कागदपत्रं करावी लागतात आणि कुठलाही क्लब आधी आपल्या इन्स्ट्रक्टरबरोबर चेक फ्लाइट घेतो. त्यात पहिलं वर्ष असंही जाईलच. त्या वर्षात गवतावर उतरायचा सराव कर. सेसना 152 चं पुस्तक म्हणतं, पन्नास फुटांचा अडथळा ओलांडून थांबेपर्यंत 1,200 फूट, म्हणजे 366 मीटर लागतात. हे कोरड्या पक्क्या धावपट्टीवर, समुद्रसपाटीला, नव्या विमानात आणि निष्णात हातांत. तिकडची शिफारस अशी की ओल्या गवतासाठी याला 1.35 नं गुण आणि वर सुरक्षेसाठी 1.43 नं. गणित करून बघ, 700 मीटरच्या वर जातं. सोनेगावच्या 3,200 मीटरमध्ये हे गणित तू कधीच केलं नसशील. मीही केलं नव्हतं. इन्स्ट्रक्टरला सांग, पहिल्या ठिपक्यावर टेकवल्याशिवाय मला सोडू नका.

स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला अनुभव लागत नाही. संघटनेची सभासद हो, रॅलीच्या दोन-तीन महिने आधी कळव. पहिल्यांदा तुला बहुधा गाड्यांचं पार्किंग किंवा नोंदणीचं टेबल देतील. नाक मुरडू नको. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक वैमानिक उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे बोलतो ते ऐकायला मिळतं, आणि त्या पाच मिनिटांत माणूस फार खरं बोलतो. जाताना कानाला लावायचे मफ घे, कापसाचे बोळे चालत नाहीत. बंद बूट. ओढणी, स्कार्फ, गळ्यातली लांब दोरी, सैल टोपी यातलं काहीही अंगावर नको, पंख्याचा झोत ओढून नेतो. तिकडचं ऊन आपल्या मे महिन्यासमोर काहीच नाही असं मलाही वाटलं होतं. दिवसभर मोकळ्या मैदानात वाऱ्यात उभं राहिलो, संध्याकाळी नाकाची साल निघाली. जिथं ऊन आहे तिथं तासाभरात पाऊसही असतो, म्हणून रेनकोट कमरेला. आणि खिशात पेन, कारण कुणीतरी सतत मागतं.

नागपुरात काहून होत नाही? खरं म्हणजे नागपुरात एके काळी रोज रात्री होत होतं. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. मधलं गाव म्हणून नागपूर. डकोटा विमानांची रांग, कंदिलाच्या आणि बल्बच्या उजेडात पिशव्या हलवणारी माणसं. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक रात्री जेवण झाल्यावर सायकलनं ते बघायला जायचे. माझ्या लेखी नागपूरची पहिली रॅली तीच.

आता अडचणी वेगळ्या आहेत. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर आणि उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर लागतो. तिकडे माणूस शेतातल्या पट्टीवरून फोनसुद्धा न करता उडतो. सोनेगावला प्रवासी विमानं आहेत, हवाई दल आहे, तिथं गवतात तंबू ठोकायचं स्वप्न बघू नये. एव्हिएशन पेट्रोलचीही तीच कथा. छोट्या पिस्टन विमानांना लागणारं एव्हीगॅस 100 एलएल आपण कित्येक वर्षं बाहेरून आणत होतो, इंडियन ऑइलनं ते 2022 मध्ये गुजरात रिफायनरीत बनवायला सुरुवात केली. आणि मुळात खाजगी छोटी विमानं किती? तिकडे शाळामास्तरही तिघा-चौघांत मिळून एक जुनं विमान ठेवतो. आपल्याकडे छोटं विमान म्हणजे जवळजवळ फ्लाइंग स्कूलचंच. शिवाय आपलं ऊन. मे महिन्यात 45 डिग्रीला सोनेगावची हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवरच्या धावपट्टीवर आहोत असं वाटतं. 152 मध्ये दोन जण बसून दुपारी चढायला बघितलंस तर कळेल.

तरी एकदा प्रयत्न केला होता. 2013 ला मी आणि चार मित्रांनी ठरवलं की हिवाळ्यात विदर्भातल्या एखाद्या शांत पट्टीवर आठ-दहा विमानं गोळा करायची, कॉलेजच्या पोरांना दाखवायची, दुपारी तर्री-पोहे खाऊन परत. ऑक्टोबरमध्ये एका कार्यालयात अर्ज दिला. फाइल फिरली. फेब्रुवारीत उत्तर आलं, त्यात विचारलं होतं की रॅलीला अंदाजे किती जनसमुदाय अपेक्षित आहे, वक्ते कोण, आणि पोलीस बंदोबस्ताचा खर्च कोण भरणार. चूक आमची, अर्जात "रॅली" लिहिलं. खुलासा लिहून पाठवला तोवर एप्रिल लागला आणि पारा चव्वेचाळीसला. मग राहिलंच. माझं अजून मत आहे की हे जमण्यासारखं आहे. गोंदियाचं बिरसी घे. दुसऱ्या महायुद्धातली पट्टी, तिथं ट्रेनिंगची विमानं आहेतच, इंधन आहे, मेकॅनिक आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत, धुकं उठल्यावर, एक दिवस. फक्त अर्जात "रॅली" म्हणायचं नाही, "प्रशिक्षण मेळावा" म्हणायचं. आणि विमानांच्या आधी जमिनीवरची वीस माणसं तयार हवीत. ती आमच्याकडे नव्हती, हे त्या फाइलीत कुठं आलं नाही, पण मला माहीत होतं. परवानगी वेळेत मिळाली असती तरी विमान कुणी आणि कसं लावायचं हे आमच्यात फक्त मला येत होतं.

जाण्याआधी एका रविवारी सकाळी सहाला सोनेगाव तलावापाशी ये. माझं क्रॅनफिल्डचं जॅकेट अजून कपाटात आहे, रंग उडालाय, पण चमकत्या पट्ट्या शाबूत आहेत, ते घेऊन जा. येताना टेबल टेनिसच्या दोन बॅटा आण, आणि भावाला स्कूटर घेऊन यायला सांग. त्याला शंभर मीटरवरून न बोलता, नुसत्या हातानं, मी खडूनं काढलेल्या चौकोनात लावून दाखव. तुझं डावं-उजवं चुकणारच आहे, म्हणून त्याला हेल्मेट घालून यायला सांग.